वजन सगळ्यांना माहीत असते

दिवाळीच्या सुट्टीत मी तंजावरला होतो. बाबा हवाई दलात आहेत आणि सध्या त्यांची बदली तिथे आहे. आजीला कुंभकोणमजवळच्या तिरुवलंचुळीचा पांढरा गणपती पाहायचा होता. ही मूर्ती समुद्राच्या फेसाची आहे अशी श्रद्धा असल्याने तिला पाण्याचा अभिषेक करत नाहीत, एवढे ऐकूनच आजीने पिशवी भरली होती. गावाच्या नावाचा अर्थ उजवे वळण. कावेरी इथे उजवीकडे वळली म्हणून ते नाव पडले, असे सांगतात. आमच्या डोळ्यांसमोर त्या दिवशी एक ट्रॉली वळली, ती मात्र डावीकडे.

कुरुवै भाताची कापणी उरकत आली होती आणि पोती खरेदी केंद्रांकडे चालली होती. पुलाच्या उतारावर आमच्या पुढे भाताची ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर होता. एक सायकलवाले आजोबा मध्ये आले. चालकाने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबू लागला, पण ट्रॉली थांबेना. तिने ट्रॅक्टरला मागून ढकलत तिरके केले, स्वतः रस्त्यात आडवी झाली आणि पोती घसरत खाली आली. आजोबा वेळीच बाजूला झाले. सायकलचे मागचे चाक वाकले, एवढ्यावर निभावले. गाडीत आजीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले.

बाबा आणि मी उतरून पोती उचलू लागलो. दुसरी ट्रॉली आली, तिच्यात माल भरताना मी मोजत होतो. १०४ पोती. तिथे एका पोत्यात ४० किलो भात भरतात. म्हणजे ४ टन १६० किलो. ट्रॉलीचे स्वतःचे वजन सव्वा टनाच्या आसपास धरले, तर मागे जवळजवळ साडेपाच टन होते आणि पुढचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. ट्रॉलीला ब्रेक नव्हता. मी गावाकडे पाहिलेल्या शेतातल्या ट्रॉल्यांनाही तो कधी दिसलेला नाही. दहावीच्या विज्ञानाइतकाच हिशोब करायचा तर दोन टनांच्या चाकांनी साडेसात टन थांबवायचे होते. एकटा ट्रॅक्टर ज्या वेगातून १० मीटरमध्ये थांबेल, त्याच वेगातून या ओझ्यासकट थांबायला त्याला ३७ मीटर लागतील. हे सपाटीवरचे झाले. आम्ही उतारावर होतो.

चालक तरुण होता. तो थरथरत होता, तरी बाबांना तमिळमध्ये म्हणाला, “रोज एवढेच नेतो सर, ट्रॅक्टर आरामात ओढतो.”

हेच वाक्य मी मराठीत शंभरदा ऐकले आहे. माझे आजोळ वाळवा तालुक्यात. मामाचा ट्रॅक्टर हंगामात कारखान्याला ऊस वाहतो, मागे दोन ट्रॉल्या जोडून. “ओढतोय की!” हे मामाचे ठरलेले उत्तर. मागच्या वर्षी मीच वर्गात फुशारकी मारली होती की आमचा ट्रॅक्टर चढाला पुढची चाके उचलतो. पुढची चाके उचलली गेली की स्टिअरिंग हातात नुसते शोभेला उरते, हे तेव्हा मला सुचले नव्हते. ऐकणाऱ्या कोणालाही सुचले नाही. सगळ्यांनी टाळ्या दिल्या.

आपण वाहनाची ताकद ओढण्यावरून मोजतो. तिरुवलंचुळीहून परतताना बाबांनी मला तिरुवारूरच्या रथाबद्दल सांगितले. शेकडो टनांचा तो रथ हजारो माणसे दोरखंडांनी ओढतात आणि फोटो त्यांचेच निघतात. पण रथ वळवणे आणि थांबवणे हे चाकांखाली लाकडी ठोकळे सारणाऱ्या मोजक्या माणसांच्या हातात असते. पुढे तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने त्या रथाला हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. देवाच्या रथालाही ब्रेक लागतो, मग उसाच्या ट्रॉलीला का लागू नये?

शाळेच्या शिबिरातली एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. सामान भरायची जबाबदारी माझ्या सेक्शनकडे होती. दोन चाकांच्या ट्रेलरमध्ये आम्ही तंबू, पातेली, पाण्याचे कॅन असे सगळे जड सामान मागच्या फळीजवळ रचले, कारण फळी मागे उघडते आणि आत चढून ठेवायचा कंटाळा. उस्तादांनी एक नजर टाकली आणि सगळे उतरवायला लावले. जड सामान चाकांच्या वर आणि थोडे पुढे, हलके मागे. दोन चाकांच्या ट्रेलरचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकावर यायला हवा, असे त्यांनी सांगितले. त्याहून कमी आला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही डोलायला लावतो. फार जास्त आला तर गाडीचे मागचे टोक दबते आणि पुढची चाके हलकी होतात. आम्ही तोंडातल्या तोंडात पुटपुटलो. जेवणाला पाऊण तास उशीर झाला आणि तो राग मी बरेच दिवस बाळगला.

आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, “यात नवीन काय? गाडी उलाळ भरली की जू वर उठतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. तुझ्या पणजोबांना ठाऊक होतं हे.” बैल गुदमरताना दिसतो, म्हणून पणजोबा नीट भरत असावेत. ट्रॅक्टर गुदमरताना दिसत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. जादा भाराबद्दल बोलताना आपण म्हणतो, लोकांना वजनाचे भान नसते. मला हे पटत नाही. भाताची पोती ४० किलोची असतात, म्हणजे पोती मोजता येणाऱ्या कोणालाही वजन कळते. उसाची प्रत्येक खेप कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते आणि वजन पावतीवर छापून येते. मामाकडे अशा पावत्यांची चळत आहे. मी पाहिलेल्या एका पावतीवर दोन ट्रॉल्यांत मिळून १६ टनांच्या वर ऊस होता. शेतकऱ्याचे पैसे त्या आकड्यावर, तोडणीची मजुरी त्या आकड्यावर, वाहतुकीचे बिलही त्याच आकड्यावर. किलोदोन किलोवरून भांडणे होतात. पण ही ट्रॉली एवढ्या वजनासाठी आहे का, हे काट्यापाशी कोणी विचारत नाही.

कायदा नाही असे नाही. मालवाहू वाहनावर त्याचे रिकामे वजन आणि भरल्यावरचे कमाल वजन रंगवायचे असते. तिरुवलंचुळीच्या त्या ट्रॉलीवरचा रंग केव्हाच उडाला होता. १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यायचा. २०१८ मध्ये ट्रकची मर्यादा वाढवलीसुद्धा. दोन आसांच्या नेहमीच्या ट्रकला भरलेल्या वजनासाठी १६.२ टनांऐवजी १८.५ टन मिळाले. काही लोकांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला की आता याच्या वर भरायचे.

सुट्टीतच मी मामाला फोन केला. तो चिडला नाही. म्हणाला, “कारखान्याच्या दारात दीड-दीड दिवस नंबर लागतो. वाहतूक टनावर मिळते. ट्रॅक्टरचा हप्ता महिन्याला ठरलेला. कमी भरून दिवसाला एकच खेप झाली तर हप्ता तू भरणार का?” मला उत्तर देता आले नाही. चालकाला बेशिस्त म्हणणे सोपे आहे, आम्हा कॅडेटना तर फारच सोपे, कारण आमचा हप्ता आईबाबा भरतात.

म्हणून मला वाटते की नियम रस्त्यावर पकडून पाळला जाणार नाही, तो काट्यावर पाळला पाहिजे. पावतीवर प्रत्यक्ष वजनाशेजारी परवानगीचे वजन छापावे. त्याच्या वरच्या टनांना वाहतुकीचा दर देऊ नये; शेतकऱ्याच्या उसाचे पैसे मात्र पूर्ण द्यावेत, कारण ट्रॉली त्याने भरलेली नसते. जे मर्यादेत भरतात त्यांचा नंबर आधी लावावा. मामाला मर्यादेत भरून दिवसाला दोन खेपा करता आल्या तर तो जादा भरणार नाही, हे मी त्याला ओळखतो म्हणून सांगतो. काटा आहे, माणूस आहे, छपाईयंत्र आहे. फक्त पावतीवर एक रकाना वाढवायचा आहे.

आपल्या शाळेत ड्रिल, नकाशावाचन, प्रथमोपचार शिकवतात. उस्तादांनी मला पाऊण तासात शिकवले ते प्रत्येक सेक्शनला मिळावे, अशी माझी विनंती आहे. टायरच्या बाजूला मापाच्या आकड्यांनंतर भाराचा एक आकडा असतो. ९१ असेल तर तो टायर ६१५ किलो पेलतो. हे मला पंधराव्या वर्षी कळले, तेही शिक्षा म्हणून.

आणि पालकांनो, राग मानू नका, पण सुट्टी संपल्यावर शाळेच्या फाटकाशी येणाऱ्या गाड्या आम्ही पाहतो. ट्रंक, गादी, फराळाचे डबे, टपावर सायकल आणि आत सहा माणसे. त्यात आमचीही असते.

तिरुवलंचुळीला पोती भरून झाल्यावर बाबा आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले. पाच जणांच्या गाडीत आम्ही सात जण होतो, आणि डिकीत कुंभकोणमला घेतलेल्या दोन मोठ्या पितळी समया. मागची चाके दबलेली स्पष्ट दिसत होती. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी काकांना आणि मला बसचे पैसे दिले. तंजावरची बस वीस मिनिटांनी आली, आणि तिच्या पायरीवर चार माणसे लटकलेली होती. आम्ही पुढच्या बसची वाट पाहिली.