बघून घ्या, मग तक्रार नको!

जुनी लेन्स विकायला काढली की आमच्या फोटोवाल्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं. "जशी आहे तशी आहे. बघून घ्या, मग तक्रार नको." ऐकायला किती सरळ वाटतं! मला मात्र हे वाक्य लबाडीचं वाटतं.

दुकानदाराचं एक ठीक आहे. त्याच्याकडे आपण खिसा सांभाळूनच जातो. पण रविवारी पहाटे आपल्याबरोबर पक्षी टिपायला येणारा, आपल्या डब्यातली पोळी खाणारा माणूस लेन्स विकतो तेव्हा आपण बेसावध असतो. या बेसावधपणाचीच तो किंमत वसूल करतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं उदाहरण देते. नवी नोकरी, हातात निकॉनचा डी ३५००. आमच्याच ओळखीतल्या एका अनुभवी गृहस्थांकडून त्याने ५० मिमीची जुनी 'एएफ' लेन्स घेतली. "काका, काही दोष नाही ना?" असं विचारलंही. काका नुसते हसले. घरी येऊन बघतो तर ऑटोफोकस होतच नाही. होणार कसा? त्या लेन्समध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्यात लागते, आणि डी ३५०० मध्ये ती नाही. 'एएफ-एस' असती तर चाललं असतं. शिवाय आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! मी काकांना विचारलं तर म्हणाले, "माहीत होतं की. पण त्याने नीट बघायला नको?" मुलगा पैशांबद्दल फारसं बोलला नाही. रविवारी यायचा मात्र बंद झाला.

आता यावर जी वकिली केली जाते ती बघू.

पहिला मुद्दा, बघणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. अहो, पण नवख्याला काय बघायचं हेच ठाऊक नसतं! अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मागून बॅटरीचा झोत टाकून, लेन्स जरा तिरपी धरली तर बुरशी दिसते. पात्यांवर तेल आलं असेल तर ती वेळेवर मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतो. हे विकणाऱ्याला दहा वर्षांच्या वापराने माहीत असतं. घेणाऱ्याने ते दहा मिनिटांत शोधायचं, म्हणजे पेपर काढणाऱ्यानेच विद्यार्थ्याला चकवण्यासारखं झालं.

दुसरा मुद्दा, थोड्याशा बुरशीने फोटोत काय फरक पडतो? हे अर्धसत्य आहे. साध्या उजेडात नाही पडत. उजेडाच्या दिशेने लेन्स धरा, फोटो धुरकट होतो. आणि बुरशी आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात थोडीशी राहत नाही. ती आम्ल सोडते, भिंगावरचा लेप खाते, काचही कोरते. मग साफ केली तरी डाग राहतो. आणि खरंच फरक पडत नसेल, तर सांगायला काय हरकत आहे?

तिसरा मुद्दा कायद्याचा. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मास्तरीण, वकील नव्हे. पण १८७२ चा भारतीय करार कायदा उघडून कलम १७ खालची उदाहरणं जरूर वाचा. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून तो गप्प बसतो. ही फसवणूक नव्हे, असं कायदा म्हणतो. वकिली करणारे इथेच थांबतात! पुढचं उदाहरण असं, की घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. त्याच्याही पुढचं, घेणारा म्हणाला की तुम्ही नाकारलं नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं धरून चालेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन म्हणजे बोलणंच.

आता सांगा, "काका" म्हणून हाक मारणारा मुलगा लिलावातल्या अनोळखी माणसासारखा, की त्या मुलीसारखा? कोर्टात काय ठरेल ते ठरो. आपल्यात काय ठरायचं ते आपण ठरवावं.

विकणाऱ्याने भ्यायचं मात्र कारण नाही. आतले धुळीचे दोन कण, पुढच्या काचेवरचा बारीकसा ओरखडा यांनी फोटो बिघडत नाही, आणि तेवढ्यावरून हजार रुपये पाडून मागणारा गिऱ्हाईकही काही साधू नव्हे. पण चार ओळी कागदावर लिहून द्याव्यात. बुरशी आहे की नाही, पाती कशी आहेत, कधी उघडून दुरुस्त केली का, आणि कोणत्या कॅमेऱ्यावर काय चालत नाही. किंमत थोडी कमी येईल, येऊ दे. लेन्स दुसरी मिळते. पहाटे पाचला उठून आपल्याबरोबर यायला तयार असलेलं तरुण पोर सहजासहजी मिळत नाही.

बघा, पटतंय का.