खिशातून वर्गणी, पण हातात हिशोब!

आपल्या गावचा एक पोरगा अमेरिकेत जॉर्जिया राज्यात शिकतोय. परवा फोनवर म्हणाला, "दादा, इथं उन्हाळा आपल्यासारखाच, पण कॉलेजची पोरं आइस हॉकी खेळतात!" आपल्याला बर्फ माहीत तो गोळ्याचा नाहीतर मासळीच्या पेटीतला. म्हणून जरा माहिती काढली.

तिकडच्या दक्षिणेतल्या राज्यांत 'कॉलेज हॉकी साउथ' नावाची लीग आहे. जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी अशा विद्यापीठांचे क्लब तिच्यात खेळतात. क्लब म्हणजे जर्सीवर विद्यापीठाचं नाव, पण विद्यापीठाचा अधिकृत संघ नव्हे. खेळाची शिष्यवृत्ती नाही. पोरं स्वतः वर्गणी भरतात. अध्यक्ष, खजिनदार बहुतेक ठिकाणी विद्यार्थीच. बर्फाचं मैदान तासावर भाड्याने घ्यायचं, तेही पुष्कळदा रात्री उशिराचं. अलाबामाचा संघ तर 'घरचा' सामना खेळायला तासाभराच्या अंतरावर पेल्हमला जातो, कारण मैदान तिथं आहे.

असे क्लब देशभर आहेत. त्यांची राष्ट्रीय संघटना १९९१ पासून चालते. पेन स्टेट विद्यापीठाचा संघही आधी असाच क्लब होता. २०१० मध्ये टेरी पेगुला या माजी विद्यार्थ्याने ८.८ कोटी डॉलरची देणगी जाहीर केली आणि २०१२ मध्ये तो अधिकृत संघ झाला. पण प्रत्येक कॉलेजला पेगुला भेटत नाही. बाकीचे क्लब वर्गणीवरच उभे आहेत.

लगेच टाळ्या वाजवू नका. वर्गणी बऱ्याच ठिकाणी हजार डॉलरच्या वर जाते. वर स्केट, हेल्मेट, पॅड वेगळे. म्हणजे ऐपत नसलेला चांगला खेळाडू दारातच अडतो. ही त्या पद्धतीची खोट आहे, आणि ती लहान नाही.

पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जो पैसे भरतो, त्याला पैसा कुठे गेला ते कळतं.

आता आपल्याकडे या. प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना फी असतेच. खेळो न खेळो, प्रत्येक जण भरतो. तरी मागच्या वर्षी आपल्याच तालुक्यातल्या एका कॉलेजची कबड्डीची पोरं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला स्वखर्चाने एसटीने गेली. फीचं काय झालं, हे विचारायची एकाचीही हिंमत नव्हती. विचारलं की प्रॅक्टिकलचे मार्क आठवतात.

म्हणजे वर्गणी आपली पोरंही भरतात. दोनदा भरतात. फक्त हिशोब मिळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दरवर्षी जिमखान्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा. जिमखाना समितीत दोन खेळाडू घ्या, आणि त्यातली एक मुलगी असू द्या. याला ना बर्फ लागतो, ना डॉलर.

तुमच्या कॉलेजात हा हिशोब कधी लागलेला पाहिलाय का? पाहिला असेल तर कॉलेजचं नाव जरूर लिहा, त्यांचं कौतुक करू. नसेल, तर उद्या जाऊन विचारा.