‘श्यामची आई’ला नक्कल म्हणू नका



रविवारच्या अंकात एका वाचकाने सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ला (२०२३) ‘अत्र्यांची नक्कल’ ठरवले आहे. पुरावा काय, तर चित्रपट कृष्णधवल आहे! वाचून संताप आला.

१९५३ साली आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ कृष्णधवल निघाला, कारण तेव्हाची तीच रीत होती. त्याच वर्षी सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ टेक्निकलरमध्ये आला खरा, पण तो थाट मराठी चित्रपटाला परवडणारा नव्हता. २०२३ साली मात्र पोरासोरांच्या मोबाइलमध्येही रंग आहेत. असे असताना रंग सोडायचे आणि प्रेक्षक पाठ फिरवतील ही जोखीम घ्यायची, याला नक्कल कसे म्हणता? जुन्या चित्रपटाला याहून मोठा मुजरा कोणता करायला हवा होता? तळपायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम आणि त्याच्यासाठी धोंडीवर लुगड्याचे ओचे पसरणारी आई हा धडा मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवला. लुगड्याचा रंग कोणता, असे एकाही मुलाने कधी विचारले नाही.

आणि अत्र्यांनी तरी साने गुरुजींच्या पुस्तकाबरहुकूम चित्रपट कुठे काढला? पुस्तकातल्या ४२ रात्रींतले हवे ते प्रसंग त्यांनी उचलले. ‘छडी लागे छमछम’ हे गाणे त्यांच्या लेखणीचे, गुरुजींच्या पुस्तकातले नव्हे. म्हणून कोणी त्यांना नावे ठेवतो का? राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याच चित्रपटाने मिळवले. डहाके यांनीही तेच स्वातंत्र्य घेतले आणि ओम भूतकर यांच्या रूपाने थोरले साने गुरुजी पडद्यावर उभे केले. त्यांच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी आपल्याकडे कौतुकाचे दोन शब्द निघत नाहीत.

जुन्या चित्रपटाचा खरा अपमान कसा होतो, ते पत्रलेखकाने आमच्या गावात येऊन पाहावे. याच आठवड्यात गुरुजींच्या जयंतीला एका संस्थेने १९५३ चा ‘श्यामची आई’ दाखवला. कुठून तरी उतरवून घेतलेली प्रत, कोपऱ्यात कुठल्याशा वाहिनीचे बोधचिन्ह. मूळ चौकट जवळजवळ चौकोनी. ती रुंद पडद्यावर आडवी ताणलेली. वनमालाबाईंचा चेहरा फुगलेला, माधव वझे यांचा कोवळा श्याम बसका दिसत होता. दोन गाणी वेळ नाही म्हणून पुढे पळवली, आणि त्यानंतर अध्यक्षांचे लांबलचक भाषण मात्र सगळे झाले. प्रोजेक्टरवर चौकटीचे प्रमाण बदलायला एक बटण दाबावे लागते. मी उठून सांगितले, तर “काय फरक पडतो, बाई?” असे उत्तर मिळाले.

शासनाने आणि चित्रपटप्रेमी संस्थांनी या चित्रपटाची स्वच्छ प्रत शाळांना उपलब्ध करून द्यावी. पुढच्या २४ डिसेंबरला दोन्ही चित्रपट मुलांना पाठोपाठ दाखवा, एकही गाणे न कापता. नक्कल आहे की नाही, ते मुलेच सांगतील.

— एक निवृत्त शिक्षिका, दापोली