जबलपूरचे प्रदर्शन आणि बीडची छायाचित्रे

१८६६-६७ मध्ये जबलपूरला सरकारी प्रदर्शन भरले. तिथे वस्तूंबरोबर मध्य प्रांतातले आदिवासीही तपासणीसाठी आणले होते. त्यांना तपासणाऱ्या समितीच्या अहवालाच्या शीर्षकातच त्यांना ‘नमुने’ म्हटले आहे. त्याच सुमारास डॉ. जोसेफ फेरर यांनी कलकत्त्यात याहून मोठा मेळावा सुचवला होता. नाना जमातींची माणसे खोपट्यांत बसवायची, लोकांनी त्यांना न्याहाळायचे, प्रश्न विचारायचे, छायाचित्रे काढायची. आसामच्या आयुक्तांनी कळवले, की डोंगरी मुलखातली वीस माणसे कलकत्त्याला नेऊन परत आणायची, तर काही दगावल्याशिवाय राहणार नाहीत. बेत बारगळला.

माणसे आणणे अवघड होते, त्यांची छायाचित्रे आणणे सोपे. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले, साडेचारशेहून अधिक छायाचित्रांचे. सत्तावन्नचा उठाव ताजा होता. कोणती जमात कशी दिसते, कितपत भरवशाची आहे, हे राज्यकर्त्यांना हवे होते. बहुतेक चित्रांखाली जातीचे नाव आहे, माणसाचे नाही. मुंबईत छायाचित्रकार विल्यम जॉन्सनने तर माणसांच्या आकृती कापून वेगळ्याच देखाव्यांवर चिकटवल्या. पुढे १८७६-७८ च्या मद्रास दुष्काळात विलोबी हूपरने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर मांडून बसवले.

दुष्काळाच्या बातमीचा साचा मला हूपरच्या त्या छायाचित्रांत पडलेला दिसतो. बीड जिल्हा त्यात वर्षानुवर्षे कोंबला जातो: भेगाळलेली जमीन, रिकामी घागर, डोक्यावर पदर घेतलेली बाई. २०१९ मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर शस्त्रक्रिया निघाल्या. ही बातमी यायलाच हवी होती. पण कोपीच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीच्या, दारातल्या बाईचा चेहरा तिला न विचारता अशा बातमीशेजारी छापला, तर गावात, सासरी तिचे काय होते? मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, अंगावर असलेली बाई त्याच्यादेखत कॅमेऱ्याला नाही म्हणू शकत नाही.

तेव्हा संपादकांनी नियमच करावा. मुकादम जवळ नसताना, चित्र कशासाठी हवे ते सांगून विचारावे. ती हो म्हणाली तर तिच्या इच्छेप्रमाणे नाव छापावे. नाही म्हणाली तर कॅमेरा साखर कारखान्याच्या ऊस टाकायच्या गव्हाणीकडे आणि उचलीच्या हिशेबवहीकडे वळवावा.