विश्लेषण : प्रयोगशाळेतील पेशींमुळे इन्सुलिनचे इंजेक्शन थांबणार का?

टाइप-१ मधुमेहाच्या १२ रुग्णांच्या शरीरात प्रयोगशाळेत तयार केलेल्या इन्सुलिननिर्मात्या पेशी सोडण्यात आल्या. वर्षभरानंतर त्यांपैकी १० जणांना इन्सुलिन टोचून घेण्याची गरज उरली नव्हती. अमेरिकेतील व्हर्टेक्स कंपनीच्या ‘झिमिसलेसेल’ उपचाराचे हे निष्कर्ष जून २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. मग मधुमेह बरा होणार का? याचे उत्तर इतके सरळ नाही.

मूळ बिघाड कोणता?

स्वादुपिंडातील पेशींच्या बारीक पुंजक्यांना ‘आयलेट’ म्हणतात. त्यांतील बीटा पेशी रक्तातील साखर ओळखून हवे तेवढेच इन्सुलिन सोडतात. टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच या पेशी नष्ट करते. इन्सुलिनचे इंजेक्शन १९२२ पासून रुग्णांना जगवत आले आहे. पण मात्रा थोडी जास्त झाली, तरी साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. काहींना तर त्याची पूर्वसूचनाही मिळत नाही.

दात्याच्या पेशी का पुरत नाहीत?

मृत दात्याचे आयलेट रुग्णाच्या यकृतात सोडण्याची पद्धत जुनी आहे. कॅनडातील एडमंटन येथे २००० मध्ये सात रुग्णांवर ती यशस्वी ठरली. अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा ‘लँटिड्रा’ उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी दिली. पण एका रुग्णासाठी अनेकदा एकाहून अधिक दाते लागतात.

मग दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत का? नेमकी हीच अडचण आहे. प्रौढ माणसाच्या बीटा पेशी क्वचितच विभागतात. काचपात्रात त्यांना विभागायला भाग पाडले, तर त्या आपले मूळ रूप हरवतात आणि इन्सुलिन बनवणे सोडून देतात.

मग मार्ग कसा निघाला?

शास्त्रज्ञांनी क्रम उलटा केला. आधी भरपूर वाढू शकणाऱ्या मूलपेशी वाढवायच्या आणि नंतर रासायनिक संकेत देत टप्प्याटप्प्याने त्यांना बीटा पेशी बनवायचे. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या गटाने ही पद्धत २०१४ मध्ये मांडली. मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप-१ मधुमेह आहे. त्यांच्या संशोधनातून उभी राहिलेली कंपनी व्हर्टेक्सने २०१९ मध्ये विकत घेतली.

मेख कुठे आहे?

या पेशी शरीराला परक्या असतात. त्या टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो, मूत्रपिंडावरही परिणाम होऊ शकतो. या अभ्यासात दोन मृत्यू झाले. त्यांतील एक मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गाने झाला. म्हणून सध्या हा उपचार साखर वारंवार जीवघेणी घसरणाऱ्या रुग्णांपुरताच तपासला जात आहे.

औषधांशिवाय शक्य आहे?

स्वीडनमधील उपसाला येथे तसा प्रयत्न झाला. दात्याच्या पेशींमध्ये जनुकीय बदल करून त्या प्रतिकारयंत्रणेच्या नजरेआड ठेवल्या गेल्या आणि एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत बसवल्या गेल्या. अशी औषधे न देताही त्या १२ आठवड्यांनंतर इन्सुलिन तयार करत होत्या. हे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र पेशींची संख्या मुद्दाम कमी ठेवल्याने रुग्णाचे इंजेक्शन सुटले नाही.

भारतीय रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?

आयसीएमआरच्या २०२३ मधील अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांतील बहुतेकांना टाइप-२ मधुमेह आहे. त्यात शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, हा मुख्य दोष असतो. त्यामुळे वरील निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. तसेच आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मधुमेहासाठी मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. त्यामुळे कोणी लाखो रुपये घेऊन ‘स्टेम सेलने मधुमेह बरा करतो’ असे सांगत असेल, तर सावध राहावे. टाइप-१ च्या रुग्णाने तर अशा आश्वासनावर इन्सुलिन थांबवणे जिवावर बेतू शकते.