दोष डोक्याचा की पुस्तकाचा?

मेहकरकडचा शेतकरी सोयाबीन विकून पोराच्या कॉलेजची फी भरतो. सुताराची, कुंभाराची लेकही आता पदवीला बसते. घरातले पहिलेच माणूस विद्यापीठापर्यंत पोहोचले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण त्या पोरांच्या हाती पडणारी पुस्तके एकदा उघडून पाहावी. पुष्कळांत पानोपानी जड शब्द, उदाहरणे परमुलखाची, आणि समजले की नाही हे ताडून पाहण्यास एक प्रश्न नाही. मग पोर बाजारचे गाईड आणते, घोकते, पास होते आणि विसरते. वर लोक म्हणतात, 'कुणब्याच्या डोक्यात विद्या शिरत नाही!' आम्ही विचारतो, दोष डोक्याचा की पुस्तकाचा?

रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे स्पष्ट सांगितले. पुढे कॉलेजची दारे उघडली. पुस्तकाचे दार अजून अर्धेच उघडे आहे. नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठीत ग्रंथ काढले, हे चांगलेच केले. परंतु मराठीत छापले म्हणजे समजले, असे नव्हे. नाशिकास १९८९ साली निघालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने घरी एकट्याने शिकणारासाठी पुस्तके रचली. धड्याच्या आरंभी काय शिकावयाचे ते सांगणे, मधूनमधून स्वतःस तपासण्याचे प्रश्न घालणे आणि त्यांची उत्तरे देणे, ही ती रीत होय. ती कॉलेजांनीही का उचलू नये?

सुतार आधी माप घेतो, मग लाकूड कापतो. पुस्तककर्त्यानेही विद्यार्थ्यास काय ठाऊक आहे याचे माप आधी घ्यावे. हंगामात सारा माल एकदम आला की भाव का पडतो, येथून अर्थशास्त्र सुरू करावे. शेजारीच लोणारचे विवर आहे. आकाशातून आलेल्या पाषाणाने काळ्या खडकात पाडलेला सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा! भूशास्त्राचा धडा तेथून का निघू नये? आणि छापण्यापूर्वी तो धडा चार खेड्यांतल्या पोरांस वाचावयास द्यावा. जेथे ती अडतील तेथे तो पुन्हा लिहावा.

आईबापांनो, तुम्हांस अक्षर येत नसले तरी एक करा. रात्री जेवणानंतर पोरास म्हणा, 'आज काय शिकलास ते आम्हांस समजावून सांग.' त्यास सांगता आले नाही तर त्याच्यावर रागावू नका. उद्या त्याच्या प्राध्यापकांस जाऊन विचारा.