मुलांचे मन आणि शंभराचा पट

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी दिलेला निकाल स्वागतार्ह आहे. मानसिक आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचा आदेश दिला. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक राहतील, असेही बजावले. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारांचे काम न्यायालयाला करावे लागले, यातच सरकारांच्या उदासीनतेचा पुरेसा पुरावा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते. पुरोगामीपणाचा टेंभा मिरवणारे आपले राज्य या यादीत सर्वांत वर होते.

परंतु या आदेशातील शंभर या आकड्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्या शाळेचा पट याहून कमी, तिने बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्काची व्यवस्था करावी, असे न्यायालय म्हणते. आता शंभराहून कमी पटाच्या शाळा कोणाच्या? त्या शहरातील शुल्कवान संस्था नव्हेत. त्या वाड्यावस्त्यांवरच्या, पाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. वीसहून कमी पटाच्याच चौदा हजारांवर शाळा राज्यात आहेत, असे समूहशाळांचा घाट घालताना २०२३ मध्ये शासनानेच सांगितले होते. या शाळांनी गाठावयाचा बाहेरचा तज्ज्ञ राहतो कोठे? देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, प्रमाण ०.७५ इतके आहे. जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत, आणि त्यांच्या एका भेटीचे मोल शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतके!

आणि याच मुलांच्या मनावर सर्वाधिक भार आहे. दिवाळीच्या आगेमागे बीडचे आईबाप कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. मूल एक तर आजीपाशी मागे राहते, नाही तर उसाच्या फडात जाते. सहा-सात वर्षांचे आदिवासी मूल घर सोडून आश्रमशाळेत येते, तेथे त्याची बोली समजणारा माणूसही अनेकदा नसतो. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याने जीव दिला, तर एक लाखाची मदत देण्यापूर्वी शासन सातबारा तपासते, कर्जाचे कागद तपासते. त्या घरातील मूल रात्री झोपते की नाही, हे विचारणारा रकाना कोणत्याही अर्जात नाही.

वस्तुतः ज्ञानाची उणीव कधीच नव्हती. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र उघडले ते १९३७ मध्ये. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा, मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देणारा कायदा २०१७ चा. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले, आणि एकंदर रुग्णांपैकी, विकारागणिक, ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक सुरू केला. तो निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. अडचणीतील प्रत्येकाने तो जरूर वापरावा. मात्र आठ वर्षांच्या मुलाने, घरात असलाच तर बापाच्या खिशातल्या फोनवरून, आपले दुःख अनोळखी माणसाला सांगावे, ही अपेक्षा म्हणजे सेवा नव्हे. मुलाला समोर बसणारा माणूस लागतो, आणि पुढच्या आठवड्यातही तोच माणूस लागतो.

पैसा कोठून आणावा, असा प्रश्न आता केला जाईल. केंद्राच्या आरोग्यविषयक तरतुदीतील जेमतेम एक टक्का ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांनाच हा प्रश्न विचारला जावा, हा निर्लज्जपणा आहे. त्याचबरोबर समुपदेशन म्हणजे अन्यायावरील मलम, अशी आमची समजूत नाही. उपाशी मुलाला धीराचे बोल पुरत नाहीत. ऊसतोडणी कामगाराला गावातच काम आणि रास्त दाम मिळणे हाही त्याच्या मुलाच्या मनावरचा उपचारच आहे. पण ती लढाई जिंकेपर्यंत आजच्या मुलाने थांबावे काय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पटाची अट शाळेला न लावता केंद्रशाळेच्या सर्व शाळांचा एकत्रित पट धरावा आणि प्रत्येक केंद्राला एक कायम, कंत्राटी नव्हे, समुपदेशक द्यावा. प्रत्येक आश्रमशाळेत मुलांची बोली जाणणारा समुपदेशक असावा. जिल्हा रुग्णालयात मुलांसाठी स्वतंत्र मानसोपचार विभाग असावा. आत्महत्याग्रस्त कुटुंबातील मुलांची वर्षभर विचारपूस होणे हा मदतीचाच भाग मानावा. शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त करावे, कारण मुलाचा उतरलेला चेहरा प्रथम त्यांनाच दिसतो.

शाळेचा पट लहान आहे म्हणून तेथील मुलाचे दुःख लहान ठरत नाही. हे शासनाला पटवून देण्याचे काम न्यायालयावर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही. ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत ते आपल्यालाच करावे लागेल.